'नाचून कुठं व्यायाम होतो?' होतो, आणि टिकतोसुद्धा

आलेला प्रश्न थोडक्यात असा: एक ताई ४४ वर्षांच्या आहेत. दोनदा जिम लावली, दोन्ही वेळा दोन-तीन महिन्यांत सुटली. मुलगी १४ वर्षांची. दोन वर्षांपूर्वीपर्यंत धावायची, खेळायची. आता मैदानाचा विषय निघाला की उठून जाते. दोघींनी मिळून नृत्य-व्यायामाचा वर्ग लावावा असं ताईंच्या मनात आहे, पण घरातून एकच ऐकू येतं, 'नाचून कुठं व्यायाम होतो?' शिवाय जिना उतरताना त्यांचे गुडघे दुखतात, पाळी मागेपुढे होऊ लागली आहे, आणि उडी मारली की थोडी लघवी होते. ही शेवटची गोष्ट त्यांनी अगदी तळाशी, एका ओळीत, संकोचून लिहिली आहे.

ताई, मी २२ वर्षं असे वर्ग घेते आहे. ती तळाची ओळ मी विसरणार नाही, शेवटी तिच्याकडेच येते. आधी घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर.

व्यायाम झाला की नाही हे हृदय ठरवतं, आणि हृदयाला तुम्ही जिममधल्या सरकत्या पट्ट्यावर धावताय की गाण्यावर पावलं टाकताय याच्याशी काही देणंघेणं नसतं. मोजायची सोपी रीत म्हणजे श्वास. हालचाल चालू असताना बोलता येतंय पण गाता येत नाही, तर तो मध्यम व्यायाम. तीन-चार शब्दांनंतर श्वासासाठी थांबावं लागतंय, तर तो जोरकस. शांत बसलेलं असताना शरीर जितकी ऊर्जा खर्च करतं त्याच्या साधारण ५ पट खर्च उड्या नसलेल्या एरोबिक नृत्यात होतो, आणि उड्या असलेल्या नृत्यात ७ पटींच्या आसपास. ३ ते ६ पट म्हणजे मध्यम, ६ च्या पुढे जोरकस, अशी सर्वमान्य विभागणी आहे. त्यामुळे 'हा काय व्यायाम' म्हणणाऱ्याला एकदा सलग तीन गाणी सोबत करायला बोलवा. वाद तिथंच मिटतो.

किती करायचं, याचा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेला आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल करावी, त्यात किमान तीन दिवस जोरकस आणि हाडांना धक्का देणारी. इथं एक हिशेब प्रामाणिकपणे मांडते, कारण वर्गांच्या जाहिरातींत तो नसतो. ५० मिनिटांच्या वर्गातली पहिली आठ-दहा मिनिटं अंग तापवण्यात जातात आणि शेवटची पाच-सात श्वास खाली आणण्यात. खरा दम लागतो तो मधल्या ३५ मिनिटांत. आठवड्याचे तीन वर्ग झाले की शंभराच्या आसपास मिनिटं होतात. त्यात उड्यांचा भाग बराच असेल तर ती मिनिटं दुपटीनं धरता येतात. नसेल तर उरलेली भर झपाट्यानं चालून घालावी लागते.

आता नाचात असं काय आहे जे चालण्यात नाही? चालणं सरळ रेषेत होतं. नाचात बाजूला जावं लागतं, मागे जावं लागतं, वळावं लागतं, एका पायावर क्षणभर थांबून दुसरा उचलावा लागतो. नितंबांच्या बाजूचे स्नायू आणि घोट्याभोवतीचे बारके स्नायू, जे आपल्याला पडता पडता सावरतात, ते यात कामाला लागतात. पन्नाशीनंतर हाडं विरळ व्हायला लागतात तेव्हा हे सावरणं फार मोलाचं ठरतं. पडलंच नाही तर खुबा मोडायचा प्रश्नच येत नाही. आणि डोकंही कामात असतं. चार मोजणीचं एक पाऊल, मग त्याचं आठ, मग सोळा, मग बत्तीस, असा क्रम लक्षात ठेवायचा, कानानं ठेका धरायचा, डोळ्यानं पुढचं पाऊल टिपायचं. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचे छंद आणि त्यांची पुढची स्मरणशक्ती पाहिली गेली. त्यात जे शारीरिक छंद मोजले होते त्यांपैकी फक्त नाचाचा स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला. याचा अर्थ नाच स्मृतिभ्रंश टाळतोच असा मी घेत नाही. ज्यांची स्मृती शाबूत आहे तेच नाचत राहिले असंही असू शकतं. पण माझ्या वर्गातली सत्तरीची आजी बत्तीसचा क्रम पूर्ण करून बरोबर समेवर येते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी दर आठवड्याला पाहते.

हे सगळे फायदे खरे आहेत. तरीही मला विचाराल तर नाचाचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे बाई पुढच्या आठवड्यात परत येते. रक्तदाब, साखर, झोप, मन, हाडं, सगळ्यांवरचा परिणाम महिन्यांनी आणि वर्षांनी दिसतो. तुम्ही दोनदा जिम सोडलीत ती आळसामुळे असं मी मानत नाही. पट्ट्यावर उभं राहिल्यावर समोर आकडे असतात आणि मन सारखं त्या आकड्यांकडे जातं, अजून अकरा मिनिटं, अजून दहा. नाचात लक्ष पुढच्या पावलात गुंतलेलं असतं. चार मिनिटांचं गाणं संपतं तेव्हा दम लागला होता हे नंतर कळतं.

यात समूहाचा वाटा मोठा आहे. एकटीनं घरी व्हिडिओ लावून नाचणं वाईट नाही, पण वीस जणींची टाच एकाच ठोक्यावर जमिनीवर पडते तेव्हा जे होतं ते त्यात होत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या गटानं २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या किशोरवयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच तपासलं होतं. एकाच तालात नाचलेल्यांना एकमेकांबद्दल जवळीक वाटू लागली आणि त्यांची वेदना सहन करायची क्षमताही वाढली. जोरानं हालचाल करणं आणि तालात जुळून करणं, दोन्हींचा आपापला परिणाम त्यात दिसला. मला याची रोजची खूण वेगळी दिसते. एखादी दोन वर्ग आली नाही, की तिसऱ्या वर्गाआधी तिची चौकशी करणारी मी नसते, तिच्या शेजारी उभी राहणारी असते. त्या दोघींना एकमेकींचं आडनावही ठाऊक नसतं कधीकधी.

आता तुमच्या मुलीबद्दल. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

ती एकटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलींपैकी ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नव्हत्या. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के होतं. बारा-तेराव्या वर्षी मुली मैदान सोडतात त्यामागे आळस क्वचित असतो. शरीर बदलत असतं, धावताना छाती हलते आणि दुखते, कपड्यांवर डाग पडेल ही धास्ती असते, कुणीतरी पाहतंय हे सतत जाणवतं. खेळात त्याच सुमाराला निवड सुरू होते. ज्या चांगल्या त्या संघात, बाकीच्या बाकावर. एकदा बाकावर बसलेली मुलगी स्वतःबद्दल 'मला खेळ जमत नाही' असं ठरवून टाकते, आणि ते ठरवणं तीस वर्षं टिकतं. तुमच्याच वयाच्या कितीतरी जणी पहिल्या दिवशी मला हेच वाक्य ऐकवतात.

नृत्य-व्यायामाच्या वर्गात कुणी बाद होत नाही. पाऊल चुकलं तर पुढच्या आठ मोजण्यांत पुन्हा संधी येते. स्वीडनमध्ये १३ ते १८ वर्षांच्या ११२ मुलींवर एक अभ्यास झाला होता. या मुलींना वारंवार डोकेदुखी, पोटदुखी, थकवा, उदासी अशा तक्रारी होत्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, त्यातल्या एका गटाला आठ महिने आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं नाच करायला दिला. कामगिरीवर भर नाही, हालचालीच्या आनंदावर भर, असं मुद्दाम ठरवलेलं होतं. 'तुझी तब्येत कशी आहे' या प्रश्नाला नाचणाऱ्या मुलींची उत्तरं दुसऱ्या गटापेक्षा सुधारली, आणि वर्ग संपल्यावरही काही महिने ती सुधारणा टिकली. मी जेव्हा मुलींचे वर्ग घ्यायला लागले तेव्हा माझा सारा भर नेमकेपणावर होता, कोपर सरळ, बोटं ताठ. वर्ग रोडावत गेला. आता पहिला महिनाभर मी कुणाचा हातसुद्धा दुरुस्त करत नाही. गुडघा आत वळत असेल तर मात्र लगेच थांबवते, कारण त्यात इजा आहे.

हाडांचा मुद्दा आईनं लक्षात ठेवावा असा आहे. आयुष्यभर पुरवायचं हाडांचं भांडवल साठतं ते वयात येतानाच्या काळात. त्यातल्या सर्वांत वेगाच्या दोन वर्षांत प्रौढ हाडांतला सुमारे एक चतुर्थांश खनिजसाठा भरला जातो. हाड घट्ट होतं ते धक्क्यानं, म्हणजे उड्या, ठोके, अचानक बदललेली दिशा यांनी. पोहणं आणि सायकल हृदयासाठी उत्तम, पण हाडाला हवा तो धक्का त्यांत मिळत नाही. नाचात मिळतो.

पाळीत वर्गाला यावं का, हे मुली विचारतात. यावं वाटलं तर जरूर यावं. नियमित व्यायामानं पाळीतलं दुखणं कमी होऊ शकतं, असं आजवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. दुखत असेल तर त्या दिवशी हळू करावं किंवा घरी राहावं, दोन्ही बरोबर. छातीला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा मात्र बुटांइतकीच गरजेची आहे, आणि ती तुम्हीच आणून द्या. मुली स्वतःहून मागत नाहीत.

एका बाबतीत मी कडक आहे. मुलींच्या वर्गात वजनाचा विषय निघता कामा नये. शिकवणारी 'हे केलं की पोट आत जाईल' म्हणत असेल तर मुलीला तिथून काढा. या वयात त्या वाक्यातून जेवण तोडायची सवय लागते. खाणं कमी आणि व्यायाम जास्त झाला की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं झिजवतं. वर्ग सुरू केल्यावर तिची पाळी सलग तीन महिने आली नाही तर 'व्यायामानं होतं असं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आरशाबद्दलही सांगायला हवं. १९६९ मध्ये अमेरिकेत ज्युडी शेपर्ड मिसेट या नृत्यशिक्षिकेच्या लक्षात आलं, की वर्गाला येणाऱ्या बायका थोड्या दिवसांत सोडून जात आहेत. त्यांना नर्तकी व्हायचं नव्हतं. मग तिनं तंत्राचा आग्रह सोडला, सगळ्यांना आरशाकडे पाठ करायला लावली आणि स्वतःच त्यांचा आरसा झाली. त्यातूनच जॅझरसाइज हा नृत्य-व्यायामाचा प्रकार उभा राहिला. मी नवीन तुकडीसाठी आरशावर पडदा ओढते. स्वतःच्या दंडाकडे पाहणारी बाई ठेका हमखास चुकते. माझ्याकडे पाहणारी चुकली तरी हसून पुढं जाते.

आता तुमचे गुडघे. जिना उतरताना वाटीभोवती दुखतं, सूज नाही, गुडघा अडकत नाही, दगा देत नाही, असं असेल तर बहुतेक वेळा मांडीचे आणि नितंबांचे स्नायू कमजोर पडलेले असतात आणि नेमका भार हळूहळू वाढवला की दुखणं कमी होतं. सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक सुटत असेल तर आधी तपासून घ्या. वर्गात एक पाय कायम जमिनीवर राहील असा प्रकार निवडा. उडीच्या जागी पाऊल, धावण्याच्या जागी जागच्या जागी चाल. वळताना टाच रोवून गुडघा पिळू नका. आधी पाय उचला, मग वळा. माझ्याकडे आलेल्या गुडघ्याच्या दुखापतींपैकी बहुतेक या एका चुकीतून आलेल्या होत्या. पुढे फेकणारे धावण्याचे बूट वळताना जमिनीला चिकटतात, म्हणून तळवा फार खडबडीत नसलेले आणि बाजूनं आधार देणारे बूट घ्या. वर्गात दुखणं थोडं जाणवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी वाढलं तर पुढच्या वेळी निम्मं करा.

पाळी मागेपुढे होण्याच्या या काळात झोप बिघडते, चिडचिड होते, कमरेभोवती चरबी साठू लागते, आणि पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं वेगानं विरळ होतात. नाच यातल्या झोपेला, मनाला, हृदयाला चांगलाच हात देतो. नैराश्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो याचा २०२४ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात नाचाचा परिणाम मोठा दिसला. पण नाचावरचे अभ्यास त्यात मोजकेच होते, म्हणून मी कुणाला औषधाऐवजी नाच सांगत नाही, औषधासोबत सांगते. स्नायू टिकवायला मात्र नाच पुरत नाही. आठवड्यातले दोन दिवस वजन उचलायलाच हवं. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, इथून सुरुवात करा आणि भार वाढवत न्या. चांगल्या वर्गात थोडा वेळ यालाही दिलेला असतो.

वजन घटेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. थोडंफार घटेल, खाणं तेच राहिलं तर फारसं नाही. वजन न घटताही रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारतात, कारण काम करणारा स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतो. काट्यासाठी याल तर तिसऱ्या महिन्यात निराश होऊन जाल. मी असं बऱ्याच जणींचं होताना पाहिलं आहे, म्हणून माझ्या वर्गात वजनकाटा नाही.

वर्ग निवडताना आधी एकदा नुसतं बसून पाहा. शिकवणारी उडीचा आणि बिनउडीचा, दोन्ही प्रकार दाखवते का? मागच्या रांगेकडे तिचं लक्ष जातं का? पाणी प्यायला थांबलेलीला टोकते का? गाण्याचा आवाज इतका मोठा आहे का, की शेजारणीशी ओरडून बोलावं लागतं? नवीन बाई आली तर तिला गुडघे, रक्तदाब, गरोदरपण, बाळंतपण यांबद्दल विचारतात का? बाळंत होऊन तीन महिने झाले नसतील तर उड्या नकोत, हे न सांगणारा वर्ग मी तरी लावणार नाही. बाकी सजावट, दिवे, पडदे यांकडे पाहू नका.

पहिले तीन वर्ग गोंधळाचे जातील. सगळ्या उजवीकडे जात असताना तुम्ही डावीकडे जाल. तेव्हा हात सोडून द्या, फक्त पाय करा. पाय अंगवळणी पडले की हात आपोआप येतात. सहा वर्ग होईपर्यंत आवडलं की नाही हे ठरवू नका. मुलीसोबत जात असाल तर तिला तुमच्या शेजारी उभं करू नका. तिला हवी ती रांग घेऊ द्या, आणि घरी येताना तिच्या पावलांबद्दल काही बोलू नका, कौतुकसुद्धा नको. ती आपणहून बोलली तर ऐका. त्याच वर्गात तिच्या वयाच्या दोन-तीन मुली असतील तर फार बरं. नसतील तर तिला तिच्या वयाच्या वर्गात जाऊ द्या आणि तुम्ही तुमच्या.

आता तळाची ती ओळ. उडी मारताना, शिंकताना लघवी होणं हे फार सर्रास आढळतं, विशेषतः बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या वयात. म्हणून ते सोसत राहायचं असं मुळीच नाही. मूत्रमार्ग आणि गर्भाशय खालून तोलून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात, आणि ते व्यायामानं पुन्हा घट्ट होतात. वायू रोखून धरताना जसं आकसतं तसं आत आणि वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सैल सोडायचं, श्वास रोखायचा नाही. सलग आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला तीन महिने द्यावे लागतात. बऱ्याच जणी चुकून खाली जोर देतात आणि त्रास वाढवतात, म्हणून या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. खाली काही उतरल्यासारखं, जड वाटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पाणी पिणं तोडू नका, त्यानं लघवी तीव्र होऊन घाई वाढते.

तोवर उडीच्या जागी पाऊल टाका, आणि कारण शेजारणीला सांगायची गरज नाही. शिकवणारीला सांगितलंत तर बरं. मला हे कानात सांगणाऱ्या बायका इतक्या झाल्या, की उड्यांचा भाग आला की मी दोन्ही प्रकार आधी स्वतः करून दाखवते, आणि मग कोणी कुठला निवडला हे पाहत नाही.